अंकीय ध्वनिप्रेषकाचा निर्गम परिपथ

अंकीय ध्वनिप्रेषकाचा निर्गम परिपथ म्हणजे सीडी प्लेअर, संगणकाचे साउंड कार्ड, दूरचित्रवाणी संच किंवा स्टुडिओतील ध्वनिमुद्रणयंत्र यांत तयार झालेला अंकीय ध्वनिसंकेत केबलवर सोडणारा शेवटचा इलेक्ट्रॉनिक परिपथ होय. व्यवहारात त्याला ‘आउटपुट ड्रायव्हर’ किंवा चालक परिपथ असेही म्हणतात. प्रेषक चिपमधून निघणारा संकेत ३.३ किंवा ५ व्होल्टचा असतो आणि तो थेट केबलवर सोडण्याजोगा नसतो. त्याची पातळी कमी करणे, केबलच्या संरोधाशी त्याचा मेळ घालणे आणि प्रेषक व ग्राही या दोन उपकरणांतील ग्राउंड शक्य तितके वेगळे राखणे ही या परिपथाची प्रमुख कामे आहेत.

हा परिपथ बहुधा दोन-चार रोधक, एक धारित्र व एक लहान रोहित्र एवढ्यानेच बनतो. तरीही त्याच्या रचनेतील चुकीमुळे संकेताच्या कडा काळाच्या दृष्टीने पुढेमागे सरकतात. अशा वेळी पाठवलेले अंक बहुधा शाबूत पोहोचतात, मात्र ते अंक ज्या घड्याळाच्या ठोक्यावर ध्वनीत रूपांतरित व्हायचे, तो ठोका डळमळीत होतो. या कारणाने हा छोटा परिपथ अंकीय ध्वनितंत्रात महत्त्वाचा मानला जातो.

## पार्श्वभूमी व मानके

१९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आल्यानंतर एका उपकरणातील अंकीय ध्वनी दुसऱ्या उपकरणाकडे अंकीय स्वरूपातच नेण्याची गरज भासू लागली. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी आणि युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन या संस्थांनी व्यावसायिक वापरासाठी आखलेले मानक १९८५ मध्ये ‘एईएस३’ या नावाने प्रसिद्ध झाले. घरगुती उपकरणांसाठी सोनी व फिलिप्स या कंपन्यांनी त्याच संकेतरचनेवर आधारलेली सोपी व स्वस्त पद्धत स्वीकारली. दोन्ही कंपन्यांच्या आद्याक्षरांवरून ती ‘एस/पीडीआयएफ’ या नावाने ओळखली जाते. पुढे दोन्ही पद्धती आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ‘आयईसी ६०९५८’ या मानकात समाविष्ट झाल्या. या मानकाचा तिसरा भाग घरगुती व चौथा भाग व्यावसायिक उपयोगासंबंधी आहे.

एईएस३च्या पहिल्या आवृत्तीत ग्राहीचा आदान संरोध २५० ओहम ठेवलेला होता आणि एकाच प्रेषकाला चारपर्यंत ग्राही जोडण्याची मुभा होती. अशा जोडणीत केबलच्या टोकाशी संरोध जुळत नाही व परावर्तने निर्माण होतात, असे अनुभवास आले. म्हणून १९९२ च्या आवृत्तीत एक प्रेषक व एक ग्राही अशीच जोडणी आणि दोन्ही टोकांना ११० ओहम संरोध हा नियम करण्यात आला.

| पद्धत | केबल | संरोध | भारित पातळी, शिखर ते शिखर | जोडणी |
|---|---|---|---|---|
| घरगुती, विद्युत | समाक्ष | ७५ ओहम | ०.५ व्होल्ट | आरसीए |
| व्यावसायिक, समतोल | पीळ दिलेली जोडतार | ११० ओहम | २ ते ७ व्होल्ट | एक्सएलआर |
| व्यावसायिक, समाक्ष | समाक्ष | ७५ ओहम | १ व्होल्ट | बीएनसी |
| प्रकाशीय | प्लॅस्टिक प्रकाशतंतू | लागू नाही | लागू नाही | टॉसलिंक |

घरगुती पद्धतीत ०.५ व्होल्ट पातळीत व प्रेषकाच्या ७५ ओहम संरोधात प्रत्येकी २० टक्क्यांची सूट आहे. ग्राहीच्या संरोधाला मात्र ५ टक्क्यांचीच सूट आहे. ०.२ व्होल्टपर्यंत क्षीण झालेला संकेतही ग्राहीला वाचता आला पाहिजे.

## संकेताचे स्वरूप

परिपथाची आखणी समजण्यासाठी त्यातून जाणाऱ्या संकेताचे स्वरूप माहीत असणे आवश्यक आहे. प्रत्येक ध्वनिनमुना ३२ बिटांच्या एका उपचौकटीत बसवला जातो. तीत आरंभीची ४ स्थाने ओळखचिन्हासाठी, २४ स्थाने ध्वनीसाठी आणि शेवटची ४ स्थाने वैधता, वापरकर्ता माहिती, वाहिनी-स्थिती व समता या बिटांसाठी असतात. डाव्या व उजव्या वाहिनीच्या दोन उपचौकटी मिळून एक चौकट होते आणि १९२ चौकटींचा एक गट होतो.

४८ किलोहर्ट्‌झ नमुनादराला एका सेकंदात ६४ × ४८,००० म्हणजे ३०,७२,००० बिट पाठवले जातात. हे बिट ‘बायफेज मार्क’ या संकेतनात असतात. या संकेतनात प्रत्येक बिटाच्या सीमेवर पातळी बदलते. बिट १ असेल तर बिटाच्या मध्यावर ती पुन्हा एकदा बदलते व बिट ० असेल तर बदलत नाही. त्यामुळे एका बिटाचे दोन अर्धे भाग पडतात. या अर्ध्या भागाला एकक कालांतर म्हणतात. ४८ किलोहर्ट्‌झला ते सुमारे १६३ नॅनोसेकंद, ४४.१ किलोहर्ट्‌झला सुमारे १७७ नॅनोसेकंद आणि १९२ किलोहर्ट्‌झला केवळ ४१ नॅनोसेकंद असते.

या संकेतनाचे तीन गुण चालक परिपथाच्या दृष्टीने उपयोगी आहेत:

* घड्याळ संकेतातच असते. प्रत्येक बिटाच्या सीमेवर बदल होत असल्याने ग्राही त्यावरून घड्याळ परत मिळवू शकतो. वेगळी तार लागत नाही.
* ध्रुवता उलटली तरी अर्थ बदलत नाही. माहिती पातळीत नसून पातळीच्या बदलात आहे. रोहित्राच्या किंवा समतोल केबलच्या दोन तारा उलटसुलट जोडल्या गेल्या तरी संकेत वाचता येतो.
* एकदिश घटक नसतो. वरच्या व खालच्या पातळीवर संकेत सारखाच वेळ राहतो. म्हणून तो धारित्रातून व रोहित्रातून विनासायास जातो.

ओळखचिन्हांत मात्र हे संकेतन हेतुपुरस्सर मोडलेले असते. त्यांत पातळी सलग तीन एकक कालांतरे स्थिर राहते. इतरत्र असे कधीच घडत नसल्यामुळे ग्राहीला उपचौकटीची सुरुवात ओळखता येते. ही तीन कालांतरे, म्हणजे ४८ किलोहर्ट्‌झला सुमारे ४८८ नॅनोसेकंद, हा संकेतातील सर्वांत लांब स्थिर काळ होय. धारित्र व रोहित्र यांची निवड करताना हाच काळ हिशेबात घ्यावा लागतो.

## ७५ ओहम परिपथाची आखणी

### रोधकांचा विभाजक

घरगुती पद्धतीतील सर्वांत साधा निर्गम परिपथ दोन रोधकांचा असतो. र१ हा रोधक चालक गेट व निर्गम टोक यांच्यामध्ये एकसरीत जोडतात आणि र२ हा निर्गम टोक व ग्राउंड यांच्यामध्ये जोडतात. त्याने दोन अटी एकाच वेळी पाळायच्या असतात. केबलच्या बाजूने पाहिले असता संरोध ७५ ओहम दिसला पाहिजे आणि पलीकडे ७५ ओहमचा भार असताना पातळी ०.५ व्होल्ट आली पाहिजे.

प्रेषक व भार या दोहोंचा संरोध सारखा असला की भारावर मोकळ्या टोकाच्या निम्मी पातळी येते. म्हणून मोकळ्या टोकावर १ व्होल्ट हवा. पुरवठा ‘व’ व्होल्ट मानला तर दोन अटी अशा होतात:

र२ ÷ (र१ + र२) = १ ÷ व

(र१ × र२) ÷ (र१ + र२) = ७५

दुसऱ्या समीकरणाला पहिल्याने भागले असता

र१ = ७५ × व आणि र२ = र१ ÷ (व − १)

ही उत्तरे मिळतात. त्यांवरून पुढील किमती येतात:

| पुरवठा | र१ | र२ | गेटमधील सर्वाधिक विद्युतधारा |
|---|---|---|---|
| ५ व्होल्ट | ३७५ ओहम | ९३.८ ओहम | १२.० मिलिअँपिअर |
| ३.३ व्होल्ट | २४७.५ ओहम | १०७.६ ओहम | ११.३ मिलिअँपिअर |
| २.५ व्होल्ट | १८७.५ ओहम | १२५ ओहम | १०.७ मिलिअँपिअर |

र१च्या या किमतीत गेटचा स्वतःचा निर्गम रोधही धरलेला आहे. गेटचा रोध १५ ओहम असेल, तर ५ व्होल्टसाठी प्रत्यक्षात ३६० ओहमचा रोधक जोडावा. र२साठी बाजारात सहज मिळणारा ९१ ओहमचा रोधक घेतल्यास निर्गम संरोध सुमारे ७३ ओहम व भारित पातळी सुमारे ०.४९ व्होल्ट येते. दोन्ही किमती मानकाच्या मर्यादेत आहेत. विभाजकाचा आणखी एक फायदा असा की निर्गम टोक चुकून ग्राउंडला टेकले तरी गेटमधून सुमारे १३ मिलिअँपिअरपेक्षा अधिक धारा वाहत नाही.

### चालक गेट

एस/पीडीआयएफ संकेत तयार करणाऱ्या सीएस८४०६ किंवा डीआयटी४१९२ यांसारख्या प्रेषक चिपमध्ये चालक अंतर्भूत असतो. मात्र सूक्ष्मनियंत्रकाच्या पिनेवरून किंवा प्रोग्राम करता येणाऱ्या तर्कचिपमधून संकेत घेतला असल्यास मध्ये स्वतंत्र गेट घालणे इष्ट असते. ७४एचसी०४ या सहा इन्व्हर्टरांच्या चिपमध्ये एका इन्व्हर्टरने उरलेल्यांपैकी तीन-चार समांतर इन्व्हर्टर चालवण्याची रीत रूढ आहे. समांतर जोडणीमुळे विद्युतधारा विभागली जाते आणि निर्गम रोध घटतो. असे इन्व्हर्टर एकाच चिपमधील असावेत, अन्यथा त्यांच्या विलंबांतील फरकामुळे बदलाच्या क्षणी ते एकमेकांविरुद्ध धारा ढकलतात.

गेटची निवड करताना केवळ वेग पाहून चालत नाही. पातळी चढण्यास लागणारा विलंब व उतरण्यास लागणारा विलंब सारखा असणे अधिक महत्त्वाचे असते. बायफेज मार्क संकेतनात ० या बिटानंतरच्या सीमेवरील बदल आधीच्या सीमेच्या उलट दिशेचा असतो, तर १ नंतरचा बदल त्याच दिशेचा असतो. चढ व उतार यांच्या विलंबांत १ नॅनोसेकंदाचा फरक असेल, तर बिटांच्या सीमा त्यांतील माहितीप्रमाणे १ नॅनोसेकंदाने पुढेमागे होतात. ध्वनीतील माहितीच अशा रीतीने घड्याळात मिसळते.

### जोडधारित्र

संकेतात एकदिश घटक नसला तरी गेटचा निर्गम शून्य व पुरवठा यांच्यामध्ये हलतो, त्यामुळे त्याची सरासरी पातळी पुरवठ्याच्या निम्मी असते. हा एकदिश भाग अडवण्यासाठी ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक धारित्र वापरतात. ते गेट व र१ यांच्यामध्ये ठेवल्यास त्याला सुमारे ४१७ ओहमचा रोध दिसतो. कालस्थिरांक सुमारे ४२ मायक्रोसेकंद होतो आणि ४८८ नॅनोसेकंदांच्या सर्वांत लांब स्थिर काळात पातळी सुमारे १.२ टक्के घसरते. तेच धारित्र विभाजकानंतर ठेवल्यास कालस्थिरांक १५ मायक्रोसेकंद होतो व घसरण सुमारे ३ टक्के होते. दोन्ही मांडण्या चालण्याजोग्या आहेत. पहिलीत गेटवरील धारा ६ मिलिअँपिअरने आत-बाहेर अशी समतोल वाटली जाते, हा तिचा अधिकचा फायदा होय.

### रोहित्र

संगणक व ध्वनिवर्धक यांसारखी दोन उपकरणे समाक्ष केबलने जोडली की केबलच्या जाळीमार्फत त्यांचे ग्राउंडही जोडले जातात. दोन्ही उपकरणांना विद्युतपुरवठ्याच्या बाजूनेही ग्राउंड असल्यास एक बंद वाटोळे तयार होते व त्यातून गुणगुण किंवा संगणकाची उच्च वारंवारतेची खरखर ध्वनिवर्धकापर्यंत पोहोचते. विभाजकानंतर १:१ गुणोत्तराचे लहान स्पंद-रोहित्र जोडल्यास हे वाटोळे तुटते.

रोहित्राचे तीन गुणधर्म पाहावे लागतात. पहिला गुणधर्म म्हणजे चुंबकन प्रवर्तकता. प्रेषक व भार मिळून रोहित्राला ३७.५ ओहमचा रोध दिसतो. प्रवर्तकता १ मिलिहेन्री असेल तर कालस्थिरांक सुमारे २७ मायक्रोसेकंद व सर्वांत लांब स्थिर काळातील घसरण सुमारे १.८ टक्के येते. दुसरा गुणधर्म म्हणजे गळती प्रवर्तकता. ती ०.५ मायक्रोहेन्री असेल तर १५० ओहमच्या एकूण रोधासह संकेताच्या चढीला किमान सुमारे ७ नॅनोसेकंद लागतात. तिसरा गुणधर्म म्हणजे दोन वेटोळ्यांमधील धारकता. १० पिकोफॅरड धारकतेचा संरोध १० मेगाहर्ट्‌झला सुमारे १,६०० ओहम एवढाच उरतो. यावरून रोहित्र कमी वारंवारतेची गुणगुण पूर्णपणे अडवते, परंतु उच्च वारंवारतेची खरखर केवळ कमी करते, हे स्पष्ट होते. त्यावर उपाय म्हणून काही रोहित्रांत दोन वेटोळ्यांमध्ये ग्राउंडला जोडलेला पातळ धातूचा पडदा बसवतात.

रोहित्राच्या वेटोळ्यातून एकदिश धारा जाऊ देता कामा नये. तसे झाल्यास गाभा संपृक्त होतो आणि संकेत विद्रूप होतो. म्हणून एका गेटवरून चालवलेल्या रोहित्राच्या मालिकेत जोडधारित्र आवश्यक ठरते.

## समतोल ११० ओहम परिपथ

व्यावसायिक पद्धतीत दोन तारांवर परस्परविरुद्ध ध्रुवतेचे संकेत पाठवले जातात. वाटेत दोन्ही तारांवर सारखाच बसलेला बाह्य गोंगाट ग्राहीत वजा होतो. ही रचना आरएस-४२२ या दूरसंचार मानकाशी मिळतीजुळती असल्यामुळे त्यासाठी बनवलेले चालकही येथे वापरता येतात.

५ व्होल्टवर चालणाऱ्या दोन विरुद्ध गेटांमधील दाब अधिक ५ ते उणे ५ असा १० व्होल्ट हलतो. गेटांच्या रोधासह एकूण ११० ओहम होईल असा रोध दोन्ही तारांत समसमान विभागून घातला की ११० ओहम भारावर ५ व्होल्ट मिळतात. या स्थितीत धारा सुमारे २३ मिलिअँपिअर असते. ३.३ व्होल्ट पुरवठ्यावर याच मांडणीत ३.३ व्होल्ट मिळतात. दोन्ही किमती २ ते ७ व्होल्ट या मर्यादेत बसतात. संकेताच्या चढ-उताराचा काळ १९९२ च्या आवृत्तीत ५ ते ३० नॅनोसेकंद ठरवण्यात आला. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने आपल्या आवृत्तीत रोहित्राचा वापर अनिवार्य केला.

## परावर्तन

समाक्ष केबलमधून संकेत प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे दोन तृतीयांश वेगाने जातो, म्हणजे एक मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. केबलच्या टोकाला संरोध जुळला नाही की संकेताचा काही भाग मागे फिरतो. हा भाग किती असेल ते

(भाराचा संरोध − केबलचा संरोध) ÷ (भाराचा संरोध + केबलचा संरोध)

या गुणोत्तराने ठरते. ग्राहीचा संरोध ५ टक्क्यांनी जास्त असेल तर संकेताचा २.४ टक्के भाग परततो. तो प्रेषकाशी येऊन पुन्हा उलटला व ग्राहीकडे गेला तरच उपद्रव देतो. प्रेषकाचा संरोध ६० ओहम असेल तर त्यातील सुमारे ११ टक्केच उलटतो आणि ग्राहीला मिळणारा प्रतिध्वनी मूळ संकेताच्या ०.३ टक्क्यांहूनही कमी उरतो. याउलट र२ वगळून केवळ ३७४ ओहमचा रोधक एकसरीत लावला असेल तर ६७ टक्के भाग उलटतो व प्रतिध्वनी १.६ टक्क्यांवर जातो. दोन्ही टोकांचे संरोध जुळवण्याचा नियम यासाठीच आहे. एका टोकाची चूक दुसरे टोक पोटात घालते.

आरसीए जोडणीचा संरोध नेमका ७५ ओहम नसतो, अशी टीका वारंवार केली जाते. ती वस्तुतः खरी आहे. परंतु एक-दोन सेंटिमीटर लांबीची ही जोडणी संकेत सुमारे ०.०५ ते ०.१ नॅनोसेकंदांत ओलांडतो. संकेताची चढ ५ ते १० नॅनोसेकंदांची असताना एवढ्या लहान विसंगतीचा परिणाम अल्प राहतो. कडा जितक्या तीव्र कराव्यात, तितक्या अशा विसंगती अधिक जाणवतात.

## जिटर

कडांची वेळ नियत क्षणापासून पुढेमागे होण्याला जिटर म्हणतात. व्यावसायिक मानकानुसार प्रेषकाचा स्वतःचा जिटर ०.०२५ एकक कालांतराच्या, म्हणजे ४८ किलोहर्ट्‌झला सुमारे ४ नॅनोसेकंदांच्या आत असावा लागतो.

निर्गम परिपथात जिटर मुख्यतः गोंगाटातून येतो. ०.५ व्होल्टचा संकेत १० ते ९० टक्के एवढा चढण्यास १० नॅनोसेकंद घेत असेल, तर त्याचा चढीचा दर एका नॅनोसेकंदाला ४० मिलिव्होल्ट होतो. अशा कडेवर १० मिलिव्होल्टचा गोंगाट बसला की बदलाचा क्षण पाव नॅनोसेकंदाने सरकतो. चढ निम्म्या वेगाची असेल तर हीच चूक दुप्पट होते. सीमॉस गेटच्या निर्गमाची वरची पातळी म्हणजे त्याचा पुरवठाच असतो, त्यामुळे पुरवठ्यातील खरखर थेट संकेतात उतरते. यास्तव चालक गेटला स्वतंत्र गाळलेला पुरवठा देतात आणि त्याच्या पुरवठा-पिनेलगतच ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र बसवतात.

संकेत तयार होताना तर्कपरिपथांत जमा झालेला जिटर घालवण्यासाठी निर्गमाच्या अगदी आधी एक डी-फ्लिपफ्लॉप ठेवण्याची पद्धत आहे. त्याला नमुनादराच्या २५६ पट, म्हणजे ४८ किलोहर्ट्‌झसाठी १२.२८८ मेगाहर्ट्‌झचे मूळ घड्याळ थेट स्फटिक-दोलकावरून देतात. मग कडांची वेळ आधीच्या परिपथांवर अवलंबून न राहता या घड्याळावर ठरते.

१९९२ मध्ये ख्रिस डन व माल्कम हॉक्सफर्ड यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात मांडलेल्या निबंधात, मार्गाची वारंवारता-कक्षा अपुरी असल्यास बिटांचा क्रमच कडांची वेळ बदलतो व हा बदल ग्राहीच्या घड्याळात उतरू शकतो, हे दाखवले. ज्युलियन डन यांनी असा जिटर मोजण्यासाठी तयार केलेला ‘जे-टेस्ट’ हा चाचणी संकेत आजही वापरला जातो.

## विद्युतचुंबकीय उपद्रव

तीव्र कडा जिटरच्या दृष्टीने चांगल्या असल्या तरी त्या उच्च वारंवारतेचे प्रारण वाढवतात. १० नॅनोसेकंदांच्या चढीत सुमारे ३५ मेगाहर्ट्‌झपर्यंतची व ५ नॅनोसेकंदांच्या चढीत ७० मेगाहर्ट्‌झपर्यंतची वारंवारता महत्त्वाची असते. केबल अशा वेळी अँटेनासारखी वागते. यावर उपाय म्हणून र२ला समांतर काही दशक पिकोफॅरडचे धारित्र लावून चढ आवश्यक तेवढीच ठेवतात, तसेच दोन्ही तारांतून एकाच दिशेने वाहणारी धारा रोखण्यासाठी फेराइट गाभ्याचा वापर करतात. आखणी म्हणजे येथे जिटर व प्रारण यांच्यामधील तडजोड असते.

## प्रकाशीय निर्गम

तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या टॉसलिंक पद्धतीत ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश देणारा डायोड सुमारे १ मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिक तंतूतून संकेत पाठवतो. दोन उपकरणांत विद्युतजोडणी राहत नसल्याने ग्राउंडच्या वाटोळ्याचा प्रश्न मुळातच मिटतो, आणि संरोध जुळवण्याचीही गरज उरत नाही. चालक परिपथ बहुधा तयार मॉड्यूलमध्येच असतो व त्याला साधा तर्कपातळीचा संकेत पुरतो. मात्र डायोड उजळण्यास व विझण्यास लागणारा काळ सारखा नसल्याने स्पंदांची रुंदी बदलते आणि प्लॅस्टिक तंतूत प्रकाश लवकर क्षीण होतो. त्यामुळे उच्च नमुनादरांना व लांब अंतरांना ही पद्धत कमी सोयीची ठरते.

## पडताळणी

बांधलेला परिपथ तपासण्यासाठी १०० मेगाहर्ट्‌झ क्षमतेचा ऑसिलोस्कोप व ७५ ओहमचा रोधक पुरेसा असतो. प्रथम निर्गम मोकळा ठेवून व नंतर ७५ ओहमचा रोधक जोडून शिखर ते शिखर पातळी मोजतात. दुसरी पातळी पहिलीच्या निम्मी आली तर निर्गम संरोध ७५ ओहम आहे. अन्यथा

निर्गम संरोध = ७५ × (मोकळी पातळी ÷ भारित पातळी − १)

या सूत्राने तो काढता येतो. उदाहरणार्थ, मोकळी पातळी १ व्होल्ट व भारित पातळी ०.४५ व्होल्ट असेल तर संरोध सुमारे ९२ ओहम येतो. पातळी मर्यादेत असली तरी हा संरोध ६० ते ९० ओहम या मर्यादेबाहेर आहे. यानंतर लांब केबल जोडून ग्राहीच्या टोकाशी संकेताच्या असंख्य कडा एकावर एक आणून पाहतात. या आकृतीला नेत्राकृती म्हणतात. मधला ‘डोळा’ जितका मोकळा, तितका संकेत चांगला.

## आखणीतील सामान्य चुका

* चिपची ३.३ किंवा ५ व्होल्टची पिन थेट आरसीए जोडणीला लावणे. यामुळे पातळी मानकाच्या कितीतरी पट होते आणि केबलशी संरोधही जुळत नाही. संगणकाच्या मदरबोर्डवरील एस/पीडीआयएफ पिनांवर अनेकदा असाच तर्कपातळीचा संकेत असतो, म्हणून त्यांना स्वतंत्र निर्गम पट्टी लागते.
* भार न जोडता मोजलेली पातळी ०.५ व्होल्ट ठेवणे. प्रत्यक्ष जोडणीत ती पाव व्होल्टवर येते आणि ०.२ व्होल्टच्या किमान पातळीपासून फारसे अंतर राहत नाही.
* ११० ओहमच्या निर्गमाला ७५ ओहमची केबल केवळ जोडणी बदलून लावणे. यासाठी संरोध बदलणारे रोहित्र वापरावे लागते.
* एका निर्गमाला दोन ग्राही समांतर जोडणे. प्रत्येक ग्राहीला स्वतंत्र विभाजक व शक्य तर स्वतंत्र गेट द्यावे.

## ध्वनीवरील परिणामासंबंधी मतमतांतरे

अंकीय केबल किंवा निर्गम परिपथ बदलल्याने ध्वनी बदलतो का, हा श्रोते व अभियंते यांच्यातील जुना वाद आहे. अंक अचूक पोहोचत असतील तर फरक संभवत नाही, हे म्हणणे संगणकाच्या फाइलबाबत पूर्णतः खरे आहे. परंतु एस/पीडीआयएफमध्ये संकेतासोबत घड्याळही येते. ग्राही ते घड्याळ रूपांतरकाला जसेच्या तसे देत असेल, तर १० किलोहर्ट्‌झच्या स्वरावर १ नॅनोसेकंद सरासरी वर्गमूळ जिटरमुळे होणारा दोष मूळ स्वराच्या सुमारे ८४ डेसिबेल खाली असतो. सीडीच्या १६ बिटांची मर्यादा सुमारे ९८ डेसिबेल असल्याने हा दोष मोजमापात दिसतो.

दुसऱ्या बाजूने, आधुनिक ग्राहींतील कलाबद्ध पाश जिटरचा मोठा भाग गाळून टाकतो आणि अनेक रूपांतरक स्वतःच्या स्वतंत्र घड्याळावर चालतात. अशा उपकरणात प्रेषकाचा निर्गम परिपथ मानकाप्रमाणे असला की त्यात आणखी सुधारणा केल्याने किंवा महागडी केबल लावल्याने ध्वनीत फरक पडण्याचे तांत्रिक कारण उरत नाही. यावरून परिणाम होतो की नाही, याचे उत्तर केवळ प्रेषकात किंवा केबलमध्ये शोधून मिळत नाही. ते ग्राहीच्या रचनेवर अवलंबून असते. जुळलेला संरोध, योग्य पातळी व स्वच्छ पुरवठा या तीन गोष्टी साधण्यास लागणारे भाग मात्र अत्यंत स्वस्त असतात. म्हणून त्या प्रेषकातच नीट करणे हा सर्वमान्य अभियांत्रिकी संकेत आहे.

## हे सुद्धा पहा

* कॉम्पॅक्ट डिस्क
* समाक्ष केबल
* प्रकाशतंतू
* रोहित्र
* अंकीय-अनुरूप रूपांतरक